बैलाच्या कातड्याएवढं राज्य आणि रात्रभर नाचणारे देव

राज्य उभं करायला किती जमीन लागते? पालघर जिल्ह्यातल्या जव्हारची दंतकथा सांगते, बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढी! मुकणे घराण्याचा मूळपुरुष जयबा ऊर्फ पौपेरा याने इथल्या वारली राजाकडे तेवढीच जागा मागितली. राजाने हसत हसत हो म्हटलं. मग जयबाने कातड्याच्या बारीक वाद्या काढल्या, एकीला एक जोडल्या आणि त्या लांबलचक वादीने अख्खा डोंगर वेढला. दिलेला शब्द मोडता येईना. राजाला गंभीरगड आणि भोवतालचा मुलूख घेऊन तिकडे जावं लागलं. हीच कथा हजारो मैल दूर, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या कार्थेज नगराबद्दलही सांगतात. तिथे कातडं कापणारी होती डायडो राणी.

दंतकथा सोडा, इतिहासही कमी रंगतदार नाही. जयबाचा मुलगा नेमशाह याला १३४३ साली दिल्लीच्या सुलतानाने राजा म्हणून मान्यता दिली आणि सोबत ‘शाह’ हा किताब दिला. तेव्हापासून महादेव कोळी समाजातल्या या राजांच्या नावांना शाह चिकटला तो कायमचा. विक्रमशाह, पतंगशाह, कृष्णशाह अशी ती नावं. बावीस किल्ले आणि नऊ लाखांचा महसूल असा त्या काळचा पसारा सांगतात. इंग्रजी अमदानीत तो आटून ३१० चौरस मैलांवर आला, तरी राजाला नऊ तोफांची सलामी होती. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. म्हणजे सहाशे पाच वर्षं! मुघल आले आणि गेले, पेशवाई आली आणि गेली, इंग्रजही गेले, तोवर सह्याद्रीच्या या कोपऱ्यात एकच घराणं नांदत होतं. शाळेच्या पुस्तकात या राज्याला एखादा धडा मिळायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

शेवटचे राजे यशवंतराव मुकणे, म्हणजे पाचवे पतंगशाह. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात होते, आणि संस्थान गेल्यावर लोकांनी त्यांना लोकसभेत पाठवलं. त्यांचा जय विलास राजवाडा आजही काजूच्या बागांच्या गर्दीत दिमाखात उभा आहे.

जव्हारजवळचं शिरपामाळ ही गावाची आणखी एक अभिमानाची जागा. सुरतेच्या पहिल्या मोहिमेवर जाताना, १६६४ च्या उंबरठ्यावर, शिवाजी महाराजांचा मुक्काम या माळावर पडला. जव्हारच्या विक्रमशाहाने महाराजांच्या मस्तकी शिरपेच चढवून त्यांचा सन्मान केला, असं इथलं लहान पोरही सांगतं. पुढचा भाग मात्र कमी सांगितला जातो. आठच वर्षांनी, जून १६७२ मध्ये, मोरोपंत पिंगळ्यांनी याच विक्रमशाहाकडून जव्हार जिंकलं आणि सतरा लाखांचा खजिना मराठ्यांच्या हाती लागला. राजकारण तेव्हाही असंच होतं.

गाव केवढं, नगरपरिषद केवढी जुनी!

२०११ च्या जनगणनेत जव्हार शहराची लोकसंख्या होती जेमतेम बारा हजार. मुंबईतल्या एखाद्या मोठ्या गृहसंकुलात याहून जास्त माणसं राहतात. पण या चिमुकल्या गावाला नगरपरिषद आहे, तीही १९१८ पासूनची! पहिलं महायुद्ध संपत होतं तेव्हा डोंगरातलं हे गाव आपला कारभार आपण पाहायला शिकत होतं. गाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच, म्हणून त्याला ठाण्याचं महाबळेश्वर म्हणायची पद्धत पडली. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर हा राज्यातला छत्तिसावा जिल्हा झाला, तेव्हा महाबळेश्वरही पालघरचं झालं. रेल्वे मात्र जव्हारला नाही आणि मोखाड्यालाही नाही. दोन्ही तालुक्यांत रुळाचा तुकडासुद्धा सापडणार नाही. डहाणू नाही तर इगतपुरी गाठा आणि तिथून एसटी धरा.

पर्यटक इथे येतात ते पावसाळ्यात, दाभोसा पाहायला. लेंढी नदी तिथे सुमारे तीनशे फुटांवरून खाली उडी घेते. हिरडपाडा आहे, काळमांडवी आहे, भूपतगड आहे, संध्याकाळी सनसेट पॉइंट आहे. सगळं सुंदरच. पण धबधबा पाहून, भजी खाऊन दुपारी परत फिरणाऱ्यांना या मुलखाची खरी श्रीमंती दिसत नाही. ती पाड्यापाड्यांवर आहे, आणि बहुतेक वेळा रात्री जागी होते.

पाठ दाखवायची नाही

भात पिकायला आलं की तारप्याचे, म्हणजे फुंकून वाजवायच्या इथल्या वाद्याचे, दिवस येतात. वाळवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाची पानं आणि सांधे बुजवायला मधमाश्यांचं मेण. संपलं सामान! दुकानातून काहीच आणायचं नाही. एवढ्या साहित्यातून जो आवाज निघतो तो डोंगर ओलांडून पलीकडच्या पाड्यावर जातो. तारपकरी मध्ये, नाचणारे एकमेकांच्या कमरेला हात घालून भोवती. तारपकऱ्याने सूर बदलला की पावलं बदलतात, आणि तारप्याकडे कोणी पाठ करत नाही. तारपकरी दम घेण्यासाठी थांबत नाही, गालात हवा साठवून तो फुंकतच राहतो. हा नाच असा रात्रभर चालू शकतो.

जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांनी हेच केलं, आयुष्यभर. नव्वदी ओलांडलेल्या या तारपावादकाचं नाव २०२६ च्या पद्मश्रींच्या यादीत आलं. त्याआधी शेजारच्या डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना वारली चित्रांसाठी २०११ मध्ये पद्मश्री मिळाली होती. एकाने वाजवलेला तारपा, दुसऱ्याने रंगवलेला तारपा. म्हसे यांच्या चित्रांतली ती नाचणाऱ्यांची गोल गोल फिरत जाणारी रांग आठवते ना? तो हाच नाच.

वारली चित्रांबद्दल एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. आज ती साडीवर, कपांवर, विमानतळाच्या भिंतीवर दिसतात, पण मुळात ती लग्नातली. कुडाच्या भिंतीला गेरू लावायचा, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग करायचा आणि बांबूची काडी टोकाशी चावून तिचा कुंचला करायचा. चौक, म्हणजे लग्नाचं हे चित्र, लिहिणाऱ्या सवाष्णी, आणि परंपरेने लग्न लावणारी धवलेरीसुद्धा बाईच! पौरोहित्य बायकांनी करावं की नाही यावर शहरांत परिसंवाद होतात. इथे तो प्रश्नच कधी पडला नाही.

बोहाडा

आता मोखाड्याकडे वळू, कारण वर्षातली सगळ्यात मोठी मौज तिथे आहे. होळीच्या सुमारास मोखाड्यात जगदंबेचा उत्सव भरतो आणि देव, दानव, राक्षस रस्त्यावर उतरतात. हा बोहाडा. लाकडाचे, कागदाच्या लगद्याचे, भडक रंगांचे मुखवटे चढवून माणसं सोंगं नाचवतात. आधी गणपती, मग मोरावर बसलेली शारदा, आणि पुढे रात्र चढत जाते तशी एकेक सोंग येत राहतं. नरसिंह येतो. दहा तोंडांचा रावण येतो, त्याचा मुखवटा सांभाळायचा तर मानेत आणि खांद्यांत चांगलाच जोर हवा. संबळ वाजतोय, सनईसारखी पिपाणी कानात घुमतेय, दोन्ही बाजूंना गर्दी. पूर्वी टेंभ्यांच्या उजेडात हे चालायचं, आता विजेचे दिवे असतात, पण पावलं तीच. शेवटी देवी आणि महिषासुर समोरासमोर येतात, त्या वेळी गर्दीतली पोरं बापाच्या खांद्यावरून उतरायला तयार नसतात.

यात मला सगळ्यात आवडणारी गोष्ट मुखवट्यामागची आहे. कोणतं सोंग कोणत्या घराने नाचवायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. आजोबाने नाचवलेला देव नातू नाचवतो. नोकरीसाठी नाशिकला, ठाण्याला गेलेला माणूस त्या रात्रीपुरता परत येतो, कारण तो आला नाही तर घराण्याचा देवच नाचणार नाही. आदिवासी, बिगरआदिवासी, व्यापारी, शेतकरी, सगळ्यांचा हातभार लागतो. नाटक म्हणा, जत्रा म्हणा, पूजा म्हणा, तिन्ही एकाच रस्त्यावर. मुखवटे करणारे कारागीरही इथलेच. जव्हार तालुक्यातलं रामखिंड गाव त्यासाठी ओळखलं जातं.

जव्हारच्या वाट्याला दसरा आला आहे. संस्थानकाळात दसऱ्याचा दरबार भरायचा आणि पाड्यापाड्यांवरून ढोल, तारपे घेऊन माणसं गावात यायची. दरबार गेला, नाच राहिले.

मुंबईचा नळ इथून सुरू होतो

मोखाडा तालुक्यातल्या कोचाळे गावाजवळ वैतरणेवर शंभर मीटरहून उंच धरण आहे. मध्य वैतरणा त्याचं नाव. २०१४ पासून त्यातून मुंबईला रोज सुमारे साडेचारशे दशलक्ष लिटर पाणी जातं. दादरच्या, मालाडच्या स्वयंपाकघरातल्या तोटीतून पडणाऱ्या पाण्यात मोखाड्याच्या पावसाचा वाटा असतो, हे फार थोड्या मुंबईकरांना ठाऊक आहे. पाऊस इथे धो धो कोसळतो, पण काळा कातळ आणि तीव्र उतार यामुळे तो जिरत नाही, वाहून जातो. म्हणून एप्रिल-मे उजाडला की याच तालुक्यांत विहिरींचा तळ दिसतो, टँकरची वाट पाहावी लागते आणि बायका डोक्यावर हंडे घेऊन टेकड्या चढतात. एवढं पाणी देणाऱ्या मुलखाला उन्हाळ्यात दोन हंडे घरापाशी मिळावेत, ही मागणी मोठी नाही. गमतीच्या लेखातही ती लिहिलीच पाहिजे. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी परिसरात कुपोषणाने झालेले बालमृत्यू राज्यभर गाजले होते, तेही विसरायचं नाही.

या अडचणींशी झुंजणारी माणसंही इथेच आहेत. सुनंदाताई पटवर्धनांच्या प्रगती प्रतिष्ठानने जव्हारला कर्णबधिर मुलांची शाळा उभी केली. मणिभाई देसाईंच्या ‘बाएफ’ने डोंगरउतारावर आंबा-काजूच्या वाड्या रुजवल्या. आणि आता मोगरा! पहाटे खुडलेल्या जव्हारच्या कळ्या दादरच्या फुलबाजारात पोचतात आणि संध्याकाळी कुणाच्या तरी वेणीत फुलतात. स्ट्रॉबेरीचेही प्रयोग झाले आहेत. महाबळेश्वर म्हणवून घ्यायचं तर स्ट्रॉबेरी हवीच.

ताटात काय?

नागलीची भाकर, वरीचा भात, उडदाची आमटी. बाजारातून आणलेलं सुकट. पहिला पाऊस पडला की रानच भाजीबाजार होतं. शेवळं, कोळी, लोत, टाकळा, भारंग, कंटोळी अशी यादी संपत नाही, आणि त्यातली कुठली भाजी कोवळी असताना खुडायची, कशात काकड घालायचा म्हणजे घसा खाजणार नाही, हे घरातल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असतं. काकड म्हणजे काकड्याची आंबट फळं. खुरासणीचं तेल असतंच, मोहाच्या बियांचंही काढतात. पावसानंतर खुरासणी फुलते तेव्हा माळच्या माळ पिवळे होतात. तो आठवडा फोटोवाल्यांनी चुकवू नये.

वर्षाचा ताल शेतीवरच बसवलेला आहे. उन्हाळ्यात राब भाजायचा, पावसात आवणी, इरलं पाठीवर घेऊन चिखलात वाकायचं. वाघबारशीला वाघोबाची पूजा. दिवाळी झाली की पुष्कळ घरांना कुलूप लागतं, कारण माणसं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर कामाला जातात. पोरंही बरोबर, शाळा मागे. आणि होळीला सगळी परततात. इथे होळी दिवाळीपेक्षा मोठी, ती यासाठीच. रोजगार हमीचं काम वेळेवर आणि गावातच मिळालं तर हे जाणं पुष्कळ कमी होईल.

तुम्हाला यायचं असेल तर पावसाळा जरूर धरा, पण एक खेप होळीनंतरच्या दिवसांसाठी राखून ठेवा. बोहाड्याच्या तारखा मोखाड्यात कुणालाही विचारल्या तरी कळतात. दुपारी झोप काढून या, रात्री गणपती आला की बसायला जागा मिळत नाही.