खुली संगणक-प्रणाली आणि गावची नोंदवही

गावपातळीवरील कार्यकर्त्याचा बराचसा वेळ नोंदी करण्यात जातो. पेरणीखालील क्षेत्र, लसीकरण, पाऊसपाणी, शाळेचा पट अशी नाना प्रकारची माहिती गावातून वर पाठविली जाते. हे काम आता मोबाइल फोन व संगणक यांच्या साहाय्याने होऊ लागले आहे. म्हणूनच, हे साधन कोणाच्या मालकीचे आहे आणि योजनेचा पैसा संपल्यावरही ते हाती राहील काय, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

खुली प्रणाली म्हणजे काय?

संगणकाकडून काम करवून घेणाऱ्या आज्ञांच्या संचास सॉफ्टवेअर म्हणतात. बंदिस्त सॉफ्टवेअरच्या मूळ आज्ञा कंपनी आपल्याजवळच ठेवते. वापरणाऱ्यास परवाना घ्यावा लागतो व त्यात बदल करता येत नाही. खुल्या सॉफ्टवेअरच्या मूळ आज्ञा कोणासही पाहता येतात, गरजेप्रमाणे बदलता येतात व दुसऱ्यास देताही येतात.

शेतकऱ्यास हा भेद बियाण्यावरून सहज कळेल. संकरित बियाणे दरवर्षी विकत आणावे लागते. सरळ वाणाचे बी मात्र घरी राखता येते, शेजाऱ्यास देता येते आणि निवड करीत करीत आपल्या जमिनीस मानवेल असे करता येते.

दक्षिण आफ्रिकेतील अनुभव

दक्षिण आफ्रिकेत १९९४ साली वर्णभेदाची राजवट संपली. तोपर्यंत तेथील आरोग्यसेवा चौदा निरनिराळ्या खात्यांत विभागलेली होती. दवाखान्यातील परिचारिका तक्ते भरून वर पाठवीत; परंतु त्या माहितीचा त्यांना स्वतःला फारसा उपयोग होत नसे. तेव्हा केप टाउन परिसरातील तीन जिल्ह्यांत नॉर्वेतील ऑस्लो विद्यापीठाच्या सहकार्याने प्रयोग हाती घेण्यात आला. प्रथम अत्यावश्यक तेवढ्याच नोंदींची यादी ठरविण्यात आली आणि जिल्ह्यातच माहिती पाहून निर्णय घेता यावेत, अशी प्रणाली तयार झाली.

ही पहिली प्रणाली विनामूल्य होती. परंतु ती मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या परवान्याच्या सॉफ्टवेअरवर उभारलेली होती. घर आपले, पण जमीन दुसऱ्याची, अशी ती स्थिती होती. पुढे सर्वस्वी खुल्या साधनांवर नवी प्रणाली रचण्यात आली. तीच डी.एच.आय.एस.-२ होय. तिचा पहिला वापर २००६ साली आपल्याच देशातील केरळ राज्यात झाला. आज ती सत्तरांहून अधिक देशांत वापरली जाते. गांबियासारख्या देशांत शाळांच्या नोंदींसाठीही तिचा उपयोग होत आहे.

जानेवारी २०२० मध्ये कोविडची साथ पसरू लागली, तेव्हा श्रीलंकेतील तंत्रज्ञांनी याच प्रणालीत भर घालून परदेशातून येणाऱ्या प्रवाशांच्या नोंदीची सोय केली. ती भर त्यांनी इतरांनाही दिली व अनेक देशांनी ती उपयोगात आणली. कोणत्याही कंपनीच्या अनुमतीची वाट पाहावी लागली नाही.

खर्च टळत नाही

खुले म्हणजे बिनखर्चाचे, असा समज मात्र करून घेऊ नये. घरचे बी असले तरी मशागत, पेरणी व निंदणी चुकत नाही. तद्वत येथेही संगणक, वीज, प्रशिक्षण व दुरुस्ती यांची तरतूद करावीच लागते. प्रणाली जाणणारी माणसे जेथे तयार झाली नाहीत, तेथे खुले सॉफ्टवेअरही धूळ खात पडते.

कार्यकर्त्यांनी विचारावयाचे प्रश्न

नवीन साधन गावात येताना पुढील गोष्टींची खात्री करून घ्यावी :

१. नेटवर्क नसताना नोंद करता येते काय?
२. ते मराठीत वापरता येते काय?
३. भरलेली माहिती दुसऱ्या प्रणालीत नेता येते काय?
४. बिघाड झाल्यास जवळपास दुरुस्त करणारा कोण आहे?
५. शेतकऱ्याचे नाव, जमीन व कर्ज यांची माहिती कोणास पाहता येईल?
६. गावाने दिलेल्या माहितीचा गोषवारा गावास परत मिळेल काय?

यांपैकी शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. साधन खुले असूनही माहिती केवळ वरच जात राहिली, तर नोंद करणाऱ्याचे श्रम वाया जातात. तिचा गोषवारा ग्रामसभेपुढे आला, म्हणजे चुका तेथेच दुरुस्त होतात आणि पुढील हंगामाचे नियोजन आपल्याच आकड्यांवर करता येते.