दुखणे विचारणारे यंत्र

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात वॉर्नर स्लॅक या तरुण डॉक्टरांनी रुग्णांना चक्क संगणकापुढे बसवले. पडद्यावर प्रश्न उमटे, रुग्ण कळ दाबून उत्तर देई. ‘हो’ म्हटले की त्याच तक्रारीबद्दल खोलात विचारणा होई. ‘नाही’ म्हटले की यंत्र पुढच्या विषयाकडे वळे. हे काम १९६६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. डॉक्टरांची भेट होण्याआधी टॅब्लेटवर रुग्णाची विचारपूस करणारा आजचा चॅटबॉट हा त्याच घराण्यातला.

या चॅटबॉटचे काम सल्ला देण्याचे नाही, माहिती घेण्याचे आहे. सांगण्यासारखे सर्वांत जास्त असते ते ज्येष्ठांकडे. चार जुने आजार, सात-आठ गोळ्या, मागची ऑपरेशने आणि घराण्यात कोणाला कोणत्या वयात काय झाले याचा तोंडपाठ इतिहास. तरीही ‘या वयात त्यांना हे जमायचे नाही’ असे आपण परस्पर ठरवून टाकतो.

बॉस्टनमध्ये झालेला एक प्रयोग इथे बोलका ठरतो. घराण्यातील आजारांची नोंद घेण्यासाठी तिथल्या संशोधकांनी ‘व्हिकी’ हे पडद्यावरचे पात्र तयार केले. ती प्रश्न तोंडी विचारते, समोरच्याने पडद्यावरचा योग्य पर्याय बोटाने निवडायचा. आई, वडील, भावंडे असे एकेका नातेवाइकाबद्दल ती सावकाश विचारत जाते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७० जणांवर तिची तुलना संगणकावरच्या नेहमीच्या फॉर्मशी केली गेली. व्हिकीने जास्त आजार नोंदवून घेतले. अभ्यास फक्त वृद्धांचा नव्हता. पण टंकलेखन नको, लांबलचक वाचन नको, हा तिचा गुण उतारवयात अधिकच उपयोगी.

फॉर्म कुठे कमी पडतो, तेही पाहा. ‘मधुमेह आहे का?’ या प्रश्नावर आजोबा ‘नाही’वर खूण करतात, कारण गोळीने साखर आटोक्यात आहे, म्हणजे त्यांच्या लेखी आजार संपला. ‘रोज कोणत्या गोळ्या घेता?’ असे लगेच विचारले, की खरे काय ते बाहेर येते. नीट बांधलेला चॅटबॉट हा उपप्रश्न कधी विसरत नाही.

दुसरी गोष्ट संकोचाची. लघवीवर ताबा राहत नाही, न्हाणीघरात दोनदा पाय घसरला, हे मुलासमोर सांगायला जीभ रेटत नाही. पडल्याचे कळले तर एकट्याने बाहेर पडणे बंद होईल, ही भीतीही असते. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील २०१४ च्या प्रयोगात काहींना सांगितले होते, की पडद्यावरचे पात्र आपोआप चालते. इतरांना, की ते मागे बसलेला माणूस चालवतो. ‘माणूस नाही’ असे समजणाऱ्यांना मन मोकळे करण्याची धास्ती कमी वाटली.

म्हणून सगळेच खूश होतात असेही नाही. सिएटल आणि लॉस एंजेलिस येथील रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत ‘हार्बरबॉट’ या चॅटबॉटची चाचणी झाली. आरोग्यविषयक मजकूर वाचणे-समजणे ज्यांना अवघड जाते, त्यांना त्याचे गप्पा मारणे भावले. वाचनात सराईत असलेल्यांना तेच वेळखाऊ वाटले. निवृत्त मुख्याध्यापिकेला आणि अक्षरओळख नसलेल्या आजींना ‘ज्येष्ठ’ म्हणून एकाच पंक्तीला बसवून चालणार नाही.

काही अडचणी निव्वळ शरीराच्या आहेत. वयाबरोबर आधी उच्च कंप्रतेचे आवाज ऐकू येईनासे होतात. त्यामुळे ‘स’, ‘श’सारखी व्यंजने निसटतात. टचस्क्रीनला बोटाच्या त्वचेची विद्युतवाहकता लागते, आणि कोरड्या पडलेल्या बोटाचा स्पर्श पडदा कधी कधी ओळखतच नाही. बोलताना आठवण्यासाठी जरा थांबले, की उत्तर संपले असे समजून यंत्र पुढचा प्रश्न टाकते. अशा वेळी ‘जमत नाही’ हा शेरा वापरणाऱ्यावर मारला जातो; खरे तर तो बनवणाऱ्यावर मारायला हवा.

फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या प्रारूपानुसार माणूस नवे तंत्र स्वीकारतो तो दोन गोष्टी पाहून: हे वापरायला सोपे आहे का, आणि याचा मला उपयोग आहे का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मोठ्या अक्षरांनी आणि संथ आवाजाने देता येते. दुसऱ्याचे उत्तर मात्र डॉक्टरांच्या खोलीतच मिळते. आजींनी वीस मिनिटे खपून यंत्राला सगळे सांगितले आणि आत गेल्यावर डॉक्टरांनी तेच प्रश्न पहिल्यापासून विचारले, तर पुढच्या खेपेला त्या टॅब्लेटला हात लावणार नाहीत. ‘तुम्ही पडल्याचे लिहिले आहे, कधी झाले हे?’ एवढे डॉक्टरांनी विचारले, तर लावतील. सांगितलेले कोणाकोणाला दिसणार, हेही त्यांना आधीच कळले पाहिजे. चॅटबॉट विकत घेणाऱ्या रुग्णालयांनी वृद्धांना प्रशिक्षण देण्याआधी या दोन गोष्टींची व्यवस्था लावावी.