कुमारवयीन पात्रे आणि प्रौढ अनुभव : मराठी कथात्म साहित्यातील निवेदनाचा प्रश्न

प्रस्तावना

तेरा ते अठरा या वयातील पात्र कथेच्या किंवा कादंबरीच्या केंद्रस्थानी आले, की लेखकापुढे एक अडचण हटकून उभी राहते. या वयात शरीर बदलते, आकर्षण जागे होते. घरातील दारिद्र्य, जातीचा काच, मृत्यू, मोठ्या माणसांचे झाकलेले व्यवहार हे सारे प्रथमच नजरेस पडू लागते. हे वगळावे तर पात्र खोटे पडते. सविस्तर रंगवावे तर ते पात्र वाचकाच्या कुतूहलाची वस्तू होऊन बसते. मराठी समीक्षेत हा प्रश्न बहुतेक वेळा श्लील-अश्लीलतेच्या वादात विरून गेला आहे. प्रस्तुत लेखात तो निवेदनाच्या अंगाने पाहण्याचा प्रयत्न आहे. म्हणजे अनुभव कोण सांगते, सांगणाऱ्याला त्यातले किती कळते आणि जे त्याला कळत नाही ते वाचकापर्यंत कसे पोहोचते, या बाजूने. ‘प्रौढ अनुभव’ हा शब्दप्रयोग येथे केवळ लैंगिकतेपुरता मर्यादित नाही. शोषण, हिंसा आणि लादलेला विवाह हेही त्यात अभिप्रेत आहेत.

कुमार वाचक आणि कुमार पात्र

दोन वेगळे प्रश्न नेहमी एकमेकांत मिसळले जातात. पुस्तक कुमारवयीन वाचकाच्या हाती पडले तर काय, हा एक. पुस्तकातील पात्रच कुमारवयीन असेल तर काय, हा दुसरा. आपल्या न्यायालयांपुढे दीर्घकाळ पहिलाच प्रश्न येत राहिला. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील ‘शामा’ या कथेवरून चंद्रकांत काकोडकर यांच्यावर खटला झाला. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कथा अश्लील ठरत नाही, असा निर्णय दिला. तो देताना न्यायालयाने समाजाची बदलती मानके विचारात घेतली आणि प्रेम व शृंगार यांचा आशय असलेले साहित्य प्रौढांप्रमाणेच कुमारवयीनांनाही उपलब्ध असल्याची दखल घेतली.

दुसरा प्रश्न कायद्यात पुष्कळ उशिरा आला. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्याला आपण ‘पोक्सो’ म्हणतो, तो १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीस बालक मानतो. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००९ पासून लागू झालेले कलम ६७-ब इलेक्ट्रॉनिक माध्यमातील बालकांच्या लैंगिक चित्रणाला शिक्षापात्र ठरवते. विज्ञान, साहित्य, कला व विद्या यांच्या हितासाठी केलेल्या प्रकाशनाला त्यात अपवाद ठेवलेला आहे. हा अपवाद म्हणजे मोकळे रान नव्हे. बालकाचे लैंगिक प्रदर्शन हाच ज्याचा हेतू आहे, अशा मजकुराला साहित्य म्हणता येत नाही, मग त्याची भाषा कितीही सफाईदार असो. परंतु कायदा आखतो ती बाहेरची सीमा. तिच्या आत, एखाद्या चौदा वर्षांच्या मुलीवरील अन्याय सांगताना लेखणी नेमकी कोठे थांबवावी, हे कोणतेही कलम सांगू शकत नाही. त्यासाठी कलाकृतींकडेच वळावे लागते.

यमूचे सांगणे

मराठीत या प्रश्नाचे पहिले समर्थ उत्तर हरि नारायण आपटे यांनी दिले. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० ते १८९३ या काळात ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः प्रसिद्ध झाली. हा काळ महत्त्वाचा आहे. कलकत्त्यातील फुलमणी या बालवधूच्या मृत्यूचा खटला १८९० मध्ये चालला आणि १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने वयोमर्यादा १० वरून १२ वर्षांवर नेली. त्या वेळी महाराष्ट्रातील वृत्तपत्रांतून शास्त्रार्थ, वैद्यकीय मते आणि सरकारच्या हस्तक्षेपाचा अधिकार यांवर रण माजले होते. त्या साऱ्या वादाचा विषय लहान मुलगी हाच होता. मात्र रखमाबाईंच्या पत्रांसारखा अपवाद वगळता तिचे स्वतःचे बोलणे त्यात कोठेही नव्हते.

आपट्यांनी नेमके तेच केले. त्यांनी यमूला बोलू दिले. यमुना प्रथमपुरुषी निवेदनातून आपली हकीकत सांगते आणि ती सांगताना कायद्याची वा शास्त्राची भाषा वापरत नाही. माहेरचे स्वयंपाकघर, भावाशी झालेली भांडणे, सासरच्या माणसांचे स्वभाव, मैत्रीण दुर्गीची तिच्या दुर्वर्तनी नवऱ्यापायी होणारी ससेहोलपट, असे तिचे सांगणे चालते. बालविवाहित मुलीच्या वाट्याला येणारे जे भीषण वास्तव त्या वेळी वकील आणि वैद्य उघड शब्दांत मांडत होते, त्याचे वर्णन आपटे करीत नाहीत. दुर्गीची अवस्था मात्र ते दाखवतात. तिचे झालेले रूप, तिचे बोलणे, तिच्याबद्दल मोठ्या बायकांची कुजबुज. घटना दाराआड राहते आणि तिचा परिणाम अंगणात येऊन उभा राहतो. पतीच्या मृत्यूनंतर शंकरमामंजींच्या पुढाकाराने यमुनेचे सक्तीने केशवपन होते, तेव्हा मात्र लेखक दार लावून घेत नाही. ही निवड विचारपूर्वक केलेली असावी, असे वाटते. केशवपनाची हिंसा सर्वांच्या संमतीने आणि धर्माच्या नावाने होत होती. ती लपलेली नव्हती, म्हणून ती पाहायला लावणे आवश्यक होते. दुर्गीच्या शयनगृहात वाचकाला नेण्याने मात्र तिच्या दुःखात फक्त एका प्रेक्षकाची भर पडली असती.

याच विषयावर गो. ब. देवल यांचे ‘संगीत शारदा’ १८९९ मध्ये रंगभूमीवर आले. तेथे जरठ-कुमारी विवाहाचा उपहास आहे, आणि उपहासामुळे प्रेक्षकाची नजर आपोआप मुलीवरून हटून म्हाताऱ्या भुजंगनाथावर खिळते. (१९२९ च्या ‘शारदा कायद्या’चे नाव या नाटकावरून पडले, असा समज आजही पुष्कळांचा आहे. ते नाव कायद्याचा पाठपुरावा करणाऱ्या हरबिलास सारडा यांचे आहे.)

शब्द आधी, अर्थ मागाहून

कुमारवयाच्या चित्रणात भाषेचा एक गुण लेखकाच्या फार उपयोगी पडतो. मुलांना शब्द आधी मिळतात, अर्थ मागाहून कळतो. मराठी घरांतून तर या वयाभोवती आडवळणाच्या शब्दांची दाट वीण आहे. ‘कावळा शिवला’, ‘न्हाण आले’, ‘पदर आला’, ‘शहाणी झाली’, ‘पाऊल वाकडे पडले’ हे सारे मूल ऐकते आणि त्याचा शब्दशः अर्थ लावते. आईला कावळा शिवला म्हणजे तो घरात केव्हा आला, हे त्याला कळत नाही. तो गोंधळ प्रामाणिकपणे लिहिला की लेखकाला वेगळे वर्णन करण्याचे कारणच उरत नाही. वाचकाला अर्थ ठाऊक असतो, मुलाला नसतो, आणि या दोन जाणिवांमधील अंतरात हसू व भय दोन्ही निर्माण होतात. रवी जाधव यांच्या ‘बालक-पालक’ (२०१३) या चित्रपटाचा प्रारंभ अशाच एका वाक्प्रचाराने होतो. चाळीतील एका मुलीने ‘शेण खाल्ले’ असे मुलांच्या कानावर येते आणि म्हणजे नेमके काय, याचा शोध ती घेऊ लागतात. मोठ्यांनी विषयावर घातलेले झाकणच तेथे कथानकाला गती देते.

प्रकाश नारायण संत यांचा लंपन हा याच जाणिवेचा अधिक सूक्ष्म आविष्कार होय. ‘वनवास’ (१९९४) पासून ‘झुंबर’ (२००२) पर्यंतच्या चार संग्रहांत हा मुलगा कौमार्याच्या उंबरठ्याकडे सरकत जातो. सुमीविषयी त्याला जे वाटते त्याला तो प्रेम म्हणत नाही, कारण तो शब्द अद्याप त्याचा झालेला नाही. संतांनीही तो त्याच्या तोंडी घातला नाही. निवेदकाच्या शब्दसंग्रहाबाहेर पाऊल न टाकण्याचा हा संयम वरवर सोपा दिसतो. आपल्या पुष्कळ कुमारकथांतील मुले मात्र अधूनमधून चाळिशीतल्या गृहस्थासारखी बोलू लागतात आणि कथा तेथेच मोडते.

नववीतला मुकुंद

मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ (२००४) या कादंबरीचा निवेदक मुकुंद जोशी नववीत आहे आणि काळ आणीबाणीचा आहे. यमुना मागे वळून सांगते. मुकुंद घडते तसे सांगतो. हा फरक केवळ तंत्राचा नाही. मागे वळून सांगणाऱ्याजवळ निवाडा तयार असतो. मुकुंदजवळ तो नाही. सुऱ्या, फावड्या, चित्र्या या मित्रांच्या टोळक्यातील भाषा उथळ आणि काही वेळा मुलींविषयी उघड उर्मट आहे. ‘लाइन’ मारणे, देणे, तिच्यावर हक्क सांगणे, अशी त्यांची परिभाषा. लेखक ती धुऊन काढत नाही आणि तिच्यावर भाष्यही करत नाही. मात्र हीच मुले एकटी असताना किती घाबरलेली असतात, हे तो शेजारीच ठेवतो. सुऱ्याने केवड्याला विचारल्यावर प्रकरण तक्रारीपर्यंत जाते, तेव्हा टोळक्यातील शूरपणा आणि प्रत्यक्षातील परिणाम यांतील अंतर मुकुंदलाही दिसते आणि वाचकालाही.

मुकुंदचे शिरोडकरवरील प्रेम हा कादंबरीचा गाभा. त्यात शारीर जाणीव आहे. पंधराच्या आसपासचा मुलगा सांगत असताना ती नसती तर आश्चर्य वाटले असते. तरीही शिरोडकर कोठेही वाचकापुढे मांडलेली वस्तू होत नाही, कारण तिच्याकडे पाहणारी नजर भेदरलेल्या, आदराने भारलेल्या समवयस्काची आहे. हीच वाक्ये एखाद्या सर्वज्ञ, प्रौढ निवेदकाच्या तोंडी टाकून पाहावीत. ती तत्काळ अशोभनीय होतील. आशय तोच, वय तेच, बदलले ते फक्त पाहणारे डोळे. कुमारवयीन पात्राचे चित्रण सभ्य की असभ्य हे विषयावर ठरत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे ते मुख्यतः या कादंबरीमुळे.

नागराज मंजुळे यांनी ‘फँड्री’त (२०१३) जब्याच्या बाबतीत हीच नजर शेवटी उलटवली. डुकरे पकडताना त्याची फजिती पाहणाऱ्या गावाच्या दिशेने त्याने भिरकावलेला दगड थेट पडद्याबाहेर, प्रेक्षकावर येतो.

बेणारेचे चौदावे वर्ष

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकात कुमारवयीन पात्र रंगमंचावर नाही. आहे ते एका प्रौढ शिक्षिकेचे कुमारवय. खटल्याच्या खेळात लीला बेणारेचा भूतकाळ उकरला जातो. चौदा-पंधरा वर्षांची असताना मामाशी आलेला संबंध आणि त्यानंतरचा आत्महत्येचा प्रयत्न ही माहिती दुसऱ्याच्या तोंडून, ऐकीव पुराव्याच्या रूपाने बाहेर येते. ती ऐकताना काशीकर, सुखात्मे यांना जो रस येतो, तोच तेंडुलकरांचा खरा विषय आहे. मुलीचे शोषण एकदा घरात झाले. आता नीतीच्या नावाखाली त्याचा दुसऱ्यांदा उपभोग घेतला जातो. प्रेक्षकही ऐकायला उत्सुक असतो, आणि ते त्याच्या ध्यानात यावे अशीच नाटकाची रचना आहे. अखेरच्या स्वगतात हाच प्रसंग बेणारे स्वतः सांगते तेव्हा भोवतालची पात्रे निश्चल होतात. तिच्या सांगण्यात त्या वयाचे अजाणपण आणि मामाने फिरवलेली पाठ एवढेच आहे. तपशील जवळजवळ नाहीत आणि त्यांची उणीवही जाणवत नाही.

वर्गात हे नाटक शिकवताना बहुतेक शिक्षक हा भाग ‘घरी वाचा’ म्हणून सोडून देतात. मीही काही वर्षे तसेच केले. मग एका विद्यार्थिनीने तासानंतर थांबून विचारले, की बेणारेला तो अपराध स्वतःचा का वाटतो. त्या प्रश्नामागे केवळ परीक्षा नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होते. सोडून दिलेल्या पानांमुळे मी काशीकरांच्याच बाकावर जाऊन बसलो होतो, असे त्या दिवशी वाटले. पुढील वर्षापासून ते स्वगत वर्गात मोठ्याने वाचले जाऊ लागले.

न ऐकलेली बाजू

या साऱ्या उदाहरणांत एक विषमता ठळकपणे दिसते. मुकुंद, लंपन, जब्या ही मुले आहेत. यमुनेच्या रूपाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुलीचे प्रथमपुरुषी कथन मराठी कादंबरीत आले खरे, पण ते पुरुषाच्या लेखणीतून. त्यानंतर मुलीच्या कुमारवयाचे दाहक तपशील कादंबरीपेक्षा आत्मकथनांनी अधिक दिले. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ (१९८६) मध्ये कोवळ्या वयात सासरी गेलेल्या मुलींचे जे हाल येतात, ते कोणत्याही कल्पित कथेहून थेट आहेत. उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’ने (२००३) तीच वाट पुढे नेली. आत्मकथनात सांगणारीच त्या देहाची स्वामिनी असते, त्यामुळे किती उघडे करावे याचा अधिकार तिचा. कल्पित साहित्यात तो अधिकार लेखक पात्राच्या वतीने वापरतो, आणि म्हणूनच तेथे जबाबदारी वाढते.

‘शाळा’वरील चर्चेत मुली विचारतात, की शिरोडकरला काय वाटत होते. कादंबरीत याचे उत्तर नाही. निवेदक मुकुंद असल्याने ते असूही शकत नाही. ती गाव सोडून जाते आणि तिची बाजू तिच्याबरोबर जाते. नववीतली तीच शाळा, तोच वर्ग, तेच टोळके आणि पलीकडच्या बाकावरून ते पाहणारी मुलगी, अशी कादंबरी मराठीत कोणी लिहिली तर ‘लाइन’ या शब्दाचा अर्थ तिच्या पहिल्या पानापासून वेगळा लागेल.