नैसर्गिक जलाशयांतून पकडलेल्या शोभिवंत माशांवरील काळे ठिपके : ओळख व निदान

बीजसंज्ञा : काळा ठिपका रोग, मेटासर्केरिया, मेलॅनिन, पुंटियस, पाणगोगलगाय

प्रस्तावना :

बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव तालुक्यात पिंपळगाव राजा हे गाव ज्ञानगंगा नदीच्या परिसरात वसलेले आहे. ही नदी पूर्णेस व पूर्णा पुढे तापीस मिळते. पावसाळा ओसरल्यावर अशा नद्यांच्या डोहांत व ओढ्यांत मिळणारे लहान मासे हौसेने काचेच्या टाकीत ठेवले असता, काहींच्या अंगावर काळे ठिपके दिसतात. ठिपका म्हणजे रोग असे समजून टाकीत तत्काळ औषध ओतले जाते आणि पुष्कळदा ठिपक्याने नव्हे, तर औषधाने मासा दगावतो. म्हणून उपचारापूर्वी ठिपक्याचे स्वरूप ओळखणे अगत्याचे ठरते.

१) जन्मजात ठिपके :

अनेक माशांत काळा ठिपका हीच जातीची खूण होय. हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये वर्णन केलेल्या टिक्टो माशाच्या (आजचे नाव पेथिया टिक्टो) प्रत्येक बाजूस दोन ठिपके असतात. एक कल्ल्यामागे व दुसरा शेपटीच्या अलीकडे. पुंटियस सोफोर या माशात शेपटीच्या बुडाशी व पृष्ठपराच्या तळाशी ठिपका आढळतो. असे ठिपके दोन्ही बाजूंस समान, ठरावीक जागी व त्वचेशी सपाट असतात. त्याच जातीच्या इतर माशांतही ते तेथेच दिसतात.

२) कृमिजन्य ठिपके :

काळा ठिपका रोग हा पर्णकृमींच्या काही जातींमुळे होतो. बगळा, खंड्या यांसारख्या मत्स्यभक्षी पक्ष्यांच्या आतड्यात प्रौढ कृमी असतात. पक्ष्याच्या विष्ठेतून त्यांची अंडी पाण्यात येतात. अंड्यातून निघालेली अळी पाणगोगलगायीत शिरते व तेथे तिची संख्या वाढते. गोगलगायीतून बाहेर पडलेल्या सर्केरिया माशाची त्वचा भेदतात, शेपूट टाकून देतात आणि कोष करून राहतात. या अवस्थेस मेटासर्केरिया म्हणतात. माशाचे शरीर कोषाभोवती मेलॅनिन हे काळे रंगद्रव्य साठवते. तोच दिसणारा ठिपका होय. असा मासा पक्ष्याने खाल्ला की चक्र पूर्ण होते.

हे ठिपके साधारणतः एक मिलिमीटरच्या आसपास, गोल, किंचित उंचवट्याचे असतात. अंग, पर व कल्ल्यांची झाकणे यांवर ते अनियमित विखुरलेले दिसतात.

३) इतर कारणे :

अमोनिया वाढल्याने इजा झालेली त्वचा भरून येताना कडा अस्पष्ट असलेले काळे डाग उमटू शकतात; अशा वेळी प्रथम पाण्याची तपासणी करावी. भीती वा ताणाने आलेला गडदपणा मासा स्थिरावल्यावर ओसरतो. पांढरे ठिपके मात्र निराळ्या, एकपेशीय परजीवीमुळे येतात व ते झपाट्याने पसरतात.

४) निदान व उपाय :

मासा पारदर्शक भांड्यात ठेवून दोन्ही बाजू हातभिंगाने पाहाव्यात, ठिपके मोजावेत व छायाचित्र घ्यावे. दोन आठवड्यांनी पुन्हा तुलना करावी. खात्रीचे निदान मृत माशाचा कोष सूक्ष्मदर्शकाखाली उघडून होते.

कृमिजन्य ठिपके एका माशाकडून दुसऱ्यास थेट लागत नाहीत. त्यासाठी गोगलगाय लागते, आणि चक्र चालू राहण्यास पक्षीही. म्हणून नदीतून आणलेल्या वनस्पतींवरील गोगलगायी काढून टाकणे हाच मुख्य उपाय ठरतो. थोडे ठिपके असलेला मासा सहसा नीट जगतो. लहान पिलांत मात्र मोठा संसर्ग घातक ठरू शकतो. मोरचुदासारख्या ताम्रयुक्त औषधाची मात्रा थोडी चुकली तरी मासे मरतात, शिवाय त्वचेतील कोषावर त्याचा फारसा परिणाम होत नाही.

निष्कर्ष :

ठिपक्याची जागा, सममिती, उंचवटा व काळानुसार होणारा बदल या चार गोष्टी पाहिल्यास बहुतेक वेळा कारण कळते. टाकीतील मासे पुन्हा नदीत सोडू नयेत, कारण टाकीतील अन्य रोग त्यांच्यासोबत नदीत जाऊ शकतात. निरीक्षण आधी व औषध नंतर, हा क्रम पाळल्यास अनेक मासे वाचतील.