औषधाविना नैराश्य-उपचार : गर्भवती व बाळंतिणींसाठी एक पर्याय

घरात पाळणा हलला की बाळंतीण आनंदातच असणार, असे आपण गृहीत धरतो. प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत मन हळवे होणे, रडू येणे स्वाभाविक असते व ते बहुधा आपोआप ओसरते. परंतु उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप व भूक हरपली, बाळाविषयी ओढ वाटेनाशी झाली, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. तो गर्भारपणातही जडतो. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एकत्रित अभ्यासानुसार भारतातील सुमारे २२ टक्के मातांना प्रसूतीनंतर नैराश्य येते.

समुपदेशन व औषधे हे यावरील मुख्य उपचार होत. या काळात देता येतील अशी औषधेही आहेत. तरीही बाळाच्या काळजीपोटी काही माता गोळ्या परस्पर बंद करतात आणि आजार बळावतो. अशा रुग्णांसाठी 'टीएमएस' म्हणजेच चुंबकीय मेंदू-उत्तेजन हा एक पर्याय ठरू शकतो.

१९८५ साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तंत्र प्रथम दाखविले. डोक्याच्या डाव्या पुढील भागावर तारेचे वेटोळे टेकवून चुंबकीय स्पंद सोडले जातात. ते कवटीतून काही सेंटिमीटर आत जाऊन, मनःस्थितीचे नियमन करणाऱ्या मज्जापेशींना चालना देतात. भूल द्यावी लागत नाही, दुधात काही उतरत नाही आणि अंतरागणिक हे क्षेत्र झपाट्याने क्षीण होत असल्याने गर्भापर्यंत त्याचा नगण्य अंशच पोहोचतो. डोकेदुखी हा नेहमीचा त्रास. आकडी क्वचितच येते. डोक्यात धातूची वस्तू असल्यास हा उपचार सहसा टाळतात.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नैराश्यासाठी या यंत्रास २००८ साली मान्यता दिली. गर्भवतींवरील अभ्यास मात्र अद्याप लहान आहेत. २०१९ सालच्या एका चाचणीत अवघ्या २२ स्त्रिया होत्या. त्यात गुण दिसला, तरी निर्णय प्रसूतितज्ज्ञ व मानसोपचारतज्ज्ञ यांनी मिळूनच घ्यावा. आत्महत्येचे विचार किंवा भ्रम असल्यास आठवडे दवडता येत नाहीत. तेथे भूल देऊन केलेला विद्युत-उपचार अधिक लवकर गुण देतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार भूल दिल्याविना तो करता येत नाही.

या पर्यायाची खरी अडचण निराळीच आहे. आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे रुग्णालयात यावे लागते. तान्हे बाळ असलेल्या मातेस हे एकटीने कसे साधावे? सोबत येणारी सासू, बाळाला सांभाळणारा पती, प्रवासखर्चाचा भार उचलणारा देणगीदार, हे सारे या उपचाराचेच भाग आहेत. यंत्र विकत घेता येते. मातेस त्याच्यापर्यंत रोज पोहोचविणे हे आपणा सर्वांचे काम आहे.

'टेलि-मानस' ही शासकीय दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य उपलब्ध आहे.