निरोप चालत येतो तेव्हा

मुरबाड तालुक्यातलं धसई १ डिसेंबर २०१६ रोजी महाराष्ट्रातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. नोटाबंदीला तेव्हा महिनाही झाला नव्हता. बँक ऑफ बडोदाच्या मदतीने तिथल्या दुकानांत कार्ड घासायची यंत्रं आली. यंत्र बँकेला विचारायचं आणि उत्तराची वाट बघायचं. आता क्यूआर कोडची गंमत बघा. पैसे गिऱ्हाइकाच्या फोनवरून जातात, दुकानदार कांदे तोलत असतो आणि गल्ल्याजवळचा डबा आपणहून बोलतो, 'तीस रुपये मिळाले.' दुकानाने कोणाला काही विचारलंच नाही!

प्रोग्रॅमर मंडळींकडे हीच उलटी चाल आहे. तिला वेबहुक म्हणतात. हे नाव २००७ साली जेफ लिंडसे यांनी दिलं. समजा, चौघांचा कोड गिटहबवर आहे आणि गप्पा डिस्कॉर्डवर चालतात. कोणी नवा कोड चढवला हे बाकीच्यांना कळायचं कसं? स्टँडवरच्या पोरासारखं दर मिनिटाला 'गाडी आली का?' विचारायचं ठरवलं, तर दिवसाला १४४० प्रश्न, आणि बहुतेकांचं उत्तर 'नाही'. त्यापेक्षा गिटहबला आपला पत्ता देऊन ठेवावा.

काम पाच मिनिटांचं. डिस्कॉर्डच्या चॅनेलमध्ये वेबहुक तयार करायचं, तिथे मिळालेला लांबलचक पत्ता उचलायचा, त्याच्या शेपटाला 'स्लॅश गिटहब' जोडायचं आणि गिटहबच्या सेटिंग्जमध्ये चिकटवायचा. मजकुराचा प्रकार जेसन निवडायचा. झालं. ती शेपटी विसरलात तर गिटहबची बोली डिस्कॉर्डला कळत नाही. नेमकं तिथेच बहुतेकांचं घोडं अडतं.

गिटहबचा हा पोस्टमन मात्र घाईतला. दारात दहा सेकंद थांबतो. तेवढ्यात पोच मिळाली नाही तर निरोप फसला असं लिहून परत जातो, आपणहून पुन्हा येत नाही. गिटहबच्या नोंदीत तो फसलेला निरोप दिसतो, तिथून आपणच पुन्हा पाठवायचा.

मला खरी भुरळ पडते ती मोहोरेची. डिस्कॉर्डऐवजी निरोप आपल्याच प्रोग्रॅमकडे मागवला, तर तो गिटहबचाच हे कशावरून? दोघांकडे एकच गुप्त शब्द असतो. गिटहब निरोप आणि तो शब्द एकत्र घुसळून ६४ अक्षरांची मोहोर काढतो आणि सोबत पाठवतो. आपण इकडे तीच घुसळण करून ताडून बघतो. निरोपात एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी मोहोर ओळखू येणार नाही इतकी बदलते. आणि गुप्त शब्द स्वतः निरोपासोबत कधी प्रवासच करत नाही!

डिस्कॉर्डचं वेबहुक ही मोहोर तपासत नाही. तिथे तो लांबलचक पत्ता हीच किल्ली. ज्याच्या हाती पडेल तो तुमच्या चॅनेलवर काहीही लिहू शकतो. म्हणून तो पत्ता सगळ्यांना दिसणाऱ्या कोडमध्ये ठेवू नका, आणि चुकून ठेवलाच असेल तर ते वेबहुक आजच पुसून नवं करा.