अधिवेशनातला कक्ष अधिकारी

१९५३च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन साधारणपणे दरवर्षी नागपुरात भरतं. मंत्रालयातले कर्मचारीही फायली घेऊन तिकडे जातात. त्यांच्यातल्या एका कक्ष अधिकाऱ्याचा हा दिवस.

सकाळी ६.३० : आज तारांकित प्रश्न आहे, मुलींच्या वसतिगृहांतल्या स्वच्छतागृहांचा. जिल्ह्याला फोन. "सर, बांधकामं सगळी पूर्ण आहेत." "ते अहवालात आहेच. पाणी किती ठिकाणी येतं, तेवढं गृहपालांना विचारून सांगा." सभागृहात दिलेलं उत्तर सरकारचं उत्तर ठरतं, चुकीची माहिती गेली तर प्रकरण हक्कभंगापर्यंत पोहोचतं.

८.०० : आकडे आले. काही ठिकाणी टाकी आहे, पण पंप नाही. छापील उत्तरात 'हे अंशतः खरे आहे' असं आहे. उपप्रश्न कुठून येतील याचा अंदाज घेऊन तो पूरक टिप्पणी लिहितो आणि पंपाची गोष्ट पहिल्याच परिच्छेदात घालतो.

९.३० : सचिवांसमोर, मग मंत्र्यांसमोर ब्रीफिंग. गैरसोयीचा आकडा इथेच सांगायचा असतो.

११.०० : प्रश्नोत्तराचा तास. तो अधिकाऱ्यांच्या गॅलरीत बसतो. एक सदस्य नेमकं पाण्याबद्दलच विचारतात. मंत्री आकडे देतात आणि पंप बसवण्याचं आश्वासन देतात.

दुपारी १.०० : आश्वासनाची नोंद. ते पाळलं की नाही, हे विधिमंडळाची आश्वासन समिती विचारणार आहे.

३.०० : पंपांचा प्रस्ताव. टिप्पणी अवर सचिव, उपसचिव, सचिव अशी वर चढेल; वित्त विभागाची सहमती लागेल. मंजूर तरतुदीत पैसे बसले नाहीत, तर पुरवणी मागणी सभागृहातच मंजूर करून घ्यावी लागेल. मंत्र्यांच्या शब्दावर तिजोरीतून रुपयाही निघत नाही. जनतेचा पैसा जनतेच्या प्रतिनिधींना विचारूनच खर्च व्हावा, यासाठी ही वाट मुद्दाम लांब ठेवली आहे.

सायंकाळी ७.०० : शासन निर्णयाचा मसुदा. 'पंप बसवावेत' एवढ्यावर भागत नाही. बसवणार कोण, वीजबिल कोणत्या लेखाशीर्षातून, दुरुस्ती कोणाकडे, हे तो एकेका ओळीत लिहितो. या तीन ओळी राहून गेल्या, तर पुढच्या वर्षी हाच प्रश्न पुन्हा तारांकित होऊन येईल आणि तोवर मुली बादल्या वाहत राहतील.